कचरा डेपोखालून झिरपणारं पाणी रोधकता सर्वेक्षणाने शोधायचं असेल तर

कचरा डेपोच्या कुंपणालगत इलेक्ट्रोडची (धातूच्या सळ्यांची) ओळ ठोकायची, रात्रीतून संगणकावर जमिनीचा रंगीत उभा छेद काढायचा आणि त्यातला निळा भाग ‘लिचेट’, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं दूषित पाणी, म्हणून अहवालात छापायचा. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अहवालांत हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. प्रत्यक्ष खोदल्यावर त्या निळ्या भागात काळी माती निघते, कधी गेरूचा थर (दोन लाव्हा थरांमधली तांबडी माती), कधी शेजारून गेलेली लोखंडी पाइपलाइन. यात नुकसान होतं ते डेपोखालच्या शेतातल्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांचं. चांगली विहीर बंद होते किंवा दूषित विहीर चालू राहते.

रोधकता म्हणजे वीज वाहण्याला जमिनीचा होणारा विरोध. ती मोजून पाणी दूषित आहे की नाही हे कळत नाही. जमिनीच्या त्या भागातून वीज किती सहज वाहते, एवढंच कळतं. लिचेटमध्ये क्लोराइड, अमोनिया, सोडियम असे क्षार भरपूर विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज सहज जाते आणि रोधकता घसरते. पण ओली चिकणमाती, खाडीचं पाणी आणि गाडलेलं लोखंडसुद्धा रोधकता घसरवतात. खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम त्यासाठीच महत्त्वाचा आहे. आधीच्या टप्प्यांतली माहिती हाताशी नसेल तर शेवटच्या छेदाचा अर्थ लावता येत नाही.

लेख मुख्यतः डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टवरील (लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकावरील) डेपोंसाठी आहे. पुण्याजवळचा उरुळी देवाची–फुरसुंगीचा डेपो याच खडकावर आहे आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांचे डेपोही. मुंबईतल्या देवनारसारख्या खाडीकाठच्या जागांचं गणित वेगळं आहे. ते मध्ये स्वतंत्रपणे सांगितलं आहे.

## १. आधी विहिरी, मग यंत्र

पहिला दिवस यंत्राशिवाय काढा. डेपोच्या चारही बाजूंच्या विहिरी आणि बोअर पायी फिरून पाहा. साधारण एक किलोमीटरचा परीघ पुरे. सोबत ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) मोजायचं मीटर, पाण्याची पातळी मोजायची टेप, दोरीला बांधलेली नमुना-बाटली आणि वही ठेवा.

ईसी मीटर सकाळी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात तपासून घ्या. अनेक जण हे टाळतात आणि पुढची सगळी तुलना वाया जाते. विहिरीतलं पाणी पृष्ठभागावरून एकदा आणि तळाजवळून एकदा घ्या. क्षारयुक्त पाणी जड असल्याने तळाशी बसतं, त्यामुळे वरून बादलीने काढलेलं पाणी बरं दिसू शकतं. बोअरचा पंप काही मिनिटं चालवून ईसी स्थिर झाल्यावरच आकडा लिहा.

पाण्याची पातळी पहाटे, मोटारी सुरू होण्याआधी मोजा. दुपारी मोजलेली पातळी पंपाने ओढलेली असते. प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची ऑटो लेव्हलने (सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने) एका समान बिंदूशी जोडा. हातातल्या जीपीएसची उंची काही मीटरने चुकते आणि शेजारच्या दोन विहिरींतल्या पातळीचा फरक बहुधा त्याहून कमी असतो. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींच्या पातळ्या मिळाल्या की भूजल कोणत्या दिशेने सरकतं ते काढता येतं.

जमिनीचा उतार पाहून भूजलाची दिशा ठरवू नका. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि दोन लाव्हा थरांमधल्या सांध्यातून जातं, आणि सतत उपसा होणारी एखादी विहीर प्रवाह स्वतःकडे वळवून घेते.

शेतकऱ्यांशी बोला. पाण्याला वास कोणत्या साली यायला लागला, आधी कोणाची विहीर बिघडली, पावसाळ्यात फरक पडतो का, खोदताना किती फुटांवर मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला, मांजऱ्या खडक (बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट) कुठे होता, गेरू लागला का. विहीर खोदलेल्या माणसाला आपल्या विहिरीचे थर तोंडपाठ असतात. पुढे छेद वाचताना ही माहिती सॉफ्टवेअरहून जास्त उपयोगी पडते.

तपासणी: डेपोतल्या लिचेटची ईसी, भूजल जिकडून येतं त्या वरच्या बाजूच्या एका तरी स्वच्छ विहिरीची ईसी आणि खालच्या बाजूच्या निदान तीन विहिरींची ईसी वहीत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. अपेक्षित फरक कागदावर काढा

दहा मिनिटांचं हे काम जवळजवळ कोणी करत नाही. पाण्याची रोधकता ओहम-मीटरमध्ये काढायची तर १०,००० ला ईसीने (मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर) भागा. ईसी ८०० असेल तर १२.५ ओहम-मीटर, ३,२०० असेल तर सुमारे ३.१. डेपोतल्या ताज्या लिचेटची ईसी २०,००० असेल तर अर्धा ओहम-मीटर.

आता खडकाकडे या. भेगांत पाणी भरलेल्या स्वच्छ बेसाल्टची रोधकता ६० ओहम-मीटर आहे आणि त्यातल्या पाण्याची ईसी ८०० वरून ३,२०० वर गेली, तर खडकाची रोधकताही जास्तीत जास्त चौपट घसरून १५ च्या आसपास येईल. हा फरक ओळखता येतो. मात्र हा हिशोब चिकणमाती नसलेल्या खडकालाच लागू पडतो. चिकण असलेल्या मुरमात मातीचे कण स्वतःच वीज वाहतात, म्हणून घसरण कमी दिसते. काळ्या मातीची रोधकता मुळातच ३ ते १० ओहम-मीटर असते. तिच्यात लिचेट मिसळलं तरी छेदात फारसं वेगळं दिसत नाही.

माझ्या अनुभवातले ढोबळ आकडे (ओहम-मीटरमध्ये) असे:

- ओली काळी माती: ३ ते १०
- ओला मुरूम: साधारण १५ ते ४०
- भेगाळ, पाणी धरलेला बेसाल्ट: ४० ते ८०
- अखंड काळा पाषाण: १०० च्या वर, कधी कित्येक शेकडे
- लिचेटने भिजलेला कचरा किंवा माती: बहुधा १० च्या आत

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून पाहा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

खाडीकाठी: समुद्राच्या पाण्याची ईसी ५०,००० च्या आसपास, म्हणजे ०.२ ओहम-मीटर. ते लिचेटहूनही जास्त वाहक आहे. देवनार ठाणे खाडीला लागून असल्याने तिथे नुसत्या रोधकतेवरून लिचेट आणि खारं पाणी वेगळं करता येणार नाही. अशा जागी अमोनिया आणि सेंद्रिय भार यांची रासायनिक तपासणी हाच मुख्य पुरावा धरायचा. रोधकतेचा उपयोग नमुने कुठे घ्यायचे हे ठरवण्यापुरता.

## ३. ओळी कुठे टाकायच्या

सळ्यांच्या किमान चार ओळी लागतात. पैसे कमी असतील तर प्रत्येक ओळ आखूड करा, ओळींची संख्या कमी करू नका.

पहिली, पार्श्वभूमीची. भूजलाच्या वरच्या बाजूला, डेपोपासून दूर, पण त्याच माती-खडकावर. स्वच्छ जमिनीचा छेद कसा दिसतो ते हिच्यावरून कळतं. ‘तिथे कचरा नाही, मग मोजून काय उपयोग’ असं म्हणून खर्चातून आधी हीच ओळ काढली जाते. ती नसेल तर बाकीच्या ओळींतल्या कमी रोधकतेची तुलना करायला काही उरत नाही.

दुसरी, डेपोच्या कडेपासून भूजलाच्या दिशेने खाली जाणारी. शक्य असेल तर तिची सुरुवात कचऱ्यावर करा. कचऱ्यापासून दूर जाताना रोधकता कशी वाढत जाते हे एकाच छेदात दिसतं.

तिसरी आणि चौथी, भूजलाच्या प्रवाहाला आडव्या. एक जवळ, एक लांब, उदाहरणार्थ कडेपासून ५० आणि १५० मीटरवर. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भराव क्षेत्राच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या भूजलावर उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असं लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्यामुळे जवळच्या ओळीचा उपयोग पुढेही होतो.

आडवी ओळ कचऱ्याच्या कडेला फार चिकटवू नका. वीज सरळ खाली उतरत नाही, बाजूलाही पसरते. शेजारी कचऱ्याचा वाहक ढीग असेल तर तो छेदात ओळीच्या खाली असल्यासारखा उमटतो. जितकी खोली पाहायची, निदान तितकं अंतर कडेपासून सोडा. ३० मीटर खोल पाहायचं असेल तर ३० मीटर.

हा नियम मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका छोट्या नगरपालिकेच्या डेपोवर जागा नाही म्हणून ओळ कचऱ्यापासून ८ मीटरवर टाकली. छेदात २५ मीटर खोलीवर ठळक वाहक पट्टा दिसला, तिथे निरीक्षण-बोअर घेतली आणि पाणी स्वच्छ लागलं. दुसऱ्या बोअरसाठी पैसे उरले नव्हते. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूची, आम्ही न तपासलेली विहीर वास मारू लागली. त्या घरात तोवर तेच पाणी पीत होते.

ओळ आखताना लोखंडी अँगलचं तारकुंपण, जीआय पाइप, बोअरचं स्टील केसिंग, ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग आणि नुकतंच भिजवलेलं उसाचं रान टाळा. टाळता येत नसेल तर प्रत्येक अडथळ्याचं मीटरमधलं स्थान वहीत लिहा. छेदात तिथे काही वेगळं दिसलं तर कारण हाताशी असेल.

इशारा: खाली एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) पडदा असलेल्या भरावावर ही पद्धत सरळ वापरू नका. प्लास्टिक वीज जाऊ देत नाही. पडद्याच्या वर सळ्या ठोकून खालची रोधकता मोजायचा प्रयत्न केला तर येणारे आकडे पडद्याच्या वरचेच असतात. तिथे ओळी हद्दीबाहेर घ्या. पडद्यातली भोकं शोधण्याची विद्युत पद्धत वेगळी आहे.

## ४. मांडणी आणि अंतर

बोअरसाठी जागा दाखवताना बहुतेक जण एका बिंदूवर श्लुंबर्जे पद्धतीने खोली तपासतात. थर आडवे आणि सलग आहेत असं त्या पद्धतीत गृहीत धरलेलं असतं. डेपोच्या कडेला नेमकं तेच खरं नसतं, म्हणून इथे ओळभर मोजून द्विमितीय छेद काढावा लागतो.

प्रत्येक वाचनात दोन सळ्यांतून प्रवाह सोडतात आणि दुसऱ्या दोन सळ्यांवर व्होल्टेज मोजतात. या चार सळ्या कशा ठेवायच्या ती मांडणी. मांडणी म्हणून वेनर (चारही सळ्या समान अंतरावर) किंवा वेनर-श्लुंबर्जे निवडा. डायपोल-डायपोल (प्रवाहाची जोडी एकीकडे, व्होल्टेजची दुसरीकडे) उभ्या सीमा छान दाखवते, पण वाहक जमिनीत तिचा संकेत मरतो. ओळीत ९० मीटर व्यापणाऱ्या दोन मांडण्या घेऊ. रोधकता १० ओहम-मीटर, प्रवाह २०० मिलिअँपिअर. वेनरमध्ये (सळ्यांमध्ये ३० मीटर) सुमारे १०.६ मिलिव्होल्ट मिळतात. डायपोल-डायपोलमध्ये (जोडीतलं अंतर १० मीटर, दोन जोड्यांमधलं त्याच्या ७ पट) फक्त ०.१३ मिलिव्होल्ट. बाजूला महावितरणची लाइन असेल तर हा दुसरा आकडा गोंगाटात बुडतो.

वेनरची परिणामकारक खोली दोन शेजारच्या सळ्यांमधल्या अंतराच्या साधारण निम्मी (०.५२ पट) धरा. ४८ सळ्या ५ मीटर अंतराने लावल्या तर ओळ २३५ मीटर होते आणि खोली सुमारे ३९ मीटर मिळते. छेदाच्या दोन्ही टोकांना मात्र खोली घटत जाते. ज्या जागेची शंका आहे ती ओळीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात यायला हवी. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक छेदांत डेपोची कड नेमकी कोपऱ्यात जाऊन बसलेली असते.

बहु-इलेक्ट्रोड यंत्र नसलेल्या महाविद्यालयांनाही हे काम जमतं. साधा रेझिस्टिव्हिटी मीटर, २० सळ्या, चार वायरी आणि चार माणसं. ५ मीटर अंतराने ओळ ९५ मीटर होते. वेनरची सगळी शक्य वाचनं घेतली तर ५, १०, १५, २०, २५ आणि ३० मीटर अंतरांना अनुक्रमे १७, १४, ११, ८, ५ आणि २, म्हणजे एकूण ५७ वाचनं होतात. दिवसभरात पूर्ण होतात आणि १५ मीटरपर्यंतचं चित्र मिळतं. मुरमातलं लिचेट शोधायला बहुधा एवढं पुरतं.

बारीक गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. २० मीटर खोल असलेली एक मीटर जाडीची भेग ५ मीटर अंतराच्या सळ्यांना दिसणार नाही, आणि बेसाल्टमध्ये लिचेट अनेकदा अशाच भेगेतून जातं. म्हणून ‘छेदात दिसलं नाही’ याचा अर्थ ‘तिथे नाही’ असा कधीही लिहू नये.

## ५. प्रत्यक्ष मोजणी

आधी सुरक्षितता. यंत्र कित्येक शे व्होल्ट सोडतं. डेपोवर कचरा वेचणाऱ्या बायका आणि मुलं असतात, गुरं आणि कुत्री असतात. ओळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये माणूस उभा करा, आणि वेचकांना आधीच भेटून त्यांच्या भाषेत समजावून सांगा. वाचन सुरू असताना कोणीही सळीला हात लावायचा नाही. कचऱ्यातून मिथेन निघतो. भेगांजवळ, धूर निघत असलेल्या जागी सळी ठोकू नका. पाऊस आला किंवा वीज कडाडली की यंत्र बंद.

सळ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि २० ते ३० सेंटिमीटर ठोका. प्रत्येक सळीचा संपर्क-रोध, म्हणजे सळी आणि माती यांच्यातला विरोध, तपासा. २ किलोओहमच्या आत असेल तर उत्तम. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भेगेत ठोकलेली सळी हवेत लटकते. अशा वेळी सळी ओळीवरच थोडी सरकवा, भोवती बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा) चिखल घाला किंवा शेजारी दुसरी सळी ठोकून दोन्ही जोडा. मिठाचं पाणी ओतायचा मोह होतो. एकदाच मोजायचं असेल तर थोडं चालेल. पुढच्या हंगामात पुन्हा येणार असाल तर मीठ अजिबात नको, कारण मोजायचे आहेत तेच क्षार तुम्ही जमिनीत घालत असता.

प्रवाह सोडण्याचा कालावधी २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत ठेवा, म्हणजे ५० हर्ट्झचा गोंगाट बराचसा कटतो. प्रत्येक वाचन निदान तीनदा घ्या. फरक ३ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त आला तर पुन्हा घ्या.

एक सवय लावून घ्या. दहातल्या एका वाचनासाठी प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या सळ्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजा. उत्तर तत्त्वतः तेच यायला हवं. जो फरक येतो ती तुमची खरी त्रुटी. तेच वाचन लागोपाठ घेऊन येणारा फरक नेहमीच गोड असतो, त्याच्यावर विसंबू नका.

यंत्रात आयपी, म्हणजे प्रेरित ध्रुवीकरण मोजायची सोय असेल तर वापरा. चिकणमाती थोडा विद्युतभार धरून ठेवते, खारट पाणी जवळजवळ धरत नाही. म्हणून काळी माती आणि लिचेट वेगळं ओळखायला आयपीची मदत होते. मात्र कचरा स्वतः भार चांगलाच धरतो, त्यामुळे ही कसोटी कचऱ्याच्या बाहेरच लावायची. आणि नुकताच प्रवाह सोडलेल्या सळीने लगेच व्होल्टेज मोजू नका. सळी ध्रुवीकृत झालेली असते. वाचनांचा क्रम त्याप्रमाणे लावा.

तपासणी: निघण्यापूर्वी जागेवरच कच्चा छेद काढून पाहा. एका सळीपासून दोन्ही बाजूंना तिरपे पट्टे निघत असतील तर ती सळी खराब आहे. दुरुस्त करून तेवढी वाचनं तिथेच पुन्हा घ्या. घरी गेल्यावर पर्याय उरतो तो खोडण्याचा.

## ६. माहिती साफ करणं

अदलाबदलीत ५ ते १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक देणारी वाचनं काढा. ऋण रोधकता आली तर नुसती खोडू नका, आधी वायरी उलट्या लागल्या होत्या का ते पाहा. एकूण वाचनांपैकी एक पंचमांशाहून जास्त काढावी लागत असतील तर ती ओळ पुन्हा घ्या. मूळ फाइल मात्र कधीच बदलू नका. साफ केलेली प्रत वेगळी ठेवा आणि काय काढलं, का काढलं ते लिहा.

सळ्यांच्या उंच-सखल जागा मोजून फाइलमध्ये घाला. डेपोचा उतार न घालता काढलेल्या छेदात उतारामुळेच खोटे पट्टे तयार होतात.

## ७. इन्व्हर्शन

इन्व्हर्शन म्हणजे मोजलेल्या वाचनांवरून जमिनीतल्या रोधकतेचा छेद सॉफ्टवेअरने काढणं. त्यासाठीचं रेसटूडीइन्व्ह (Res2DInv) बहुतेकांना माहीत आहे. पायजिमली (pyGIMLi) आणि रेसआयपाय (ResIPy) मोफत आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत. सॉफ्टवेअर कोणतंही वापरा, गडबड होते ती तीन ठिकाणी.

पहिली, त्रुटीचा आकडा कमी दिसावा म्हणून आवर्तनं वाढवत नेणं. मोजणीतली त्रुटी ५ टक्के असताना १ टक्क्यापर्यंत जुळवलेला छेद गोंगाटालाच आकार देत असतो. त्रुटीचा आकडा मोजणीतल्या त्रुटीच्या जवळ आला की थांबा. हे बहुधा ३ ते ५ आवर्तनांत होतं.

दुसरी, तळाचा रंग खरा मानणं. तळाशी माहिती नसते तिथे सॉफ्टवेअर सुरुवातीच्या अंदाजाने जागा भरतं. वेगवेगळ्या सुरुवातीच्या रोधकता देऊन इन्व्हर्शन दोनदा चालवा. दोन्ही उत्तरं जिथे वेगळी येतात तो भाग छेदात पुसट करा किंवा कापा. अहवाल देखणा दिसावा म्हणून तळाचा रंग ठेवणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

तिसरी, आणि मला सर्वांत जास्त खटकणारी, रंगपट्टी. सॉफ्टवेअर प्रत्येक छेदाला स्वतःची रंगपट्टी लावतं. एका छेदात निळा म्हणजे ३ ओहम-मीटर, दुसऱ्यात निळा म्हणजे ४०. पार्श्वभूमीच्या ओळीसकट सगळ्या छेदांना एकच लॉगरिथमिक पट्टी सक्तीने लावा. शिवाय निळा रंग पाहिला की सभेत बसलेल्यांना स्वच्छ पाणी वाटतं. कमी रोधकतेला तपकिरी किंवा लाल दिलं तर हा गैरसमज टळतो.

## ८. अर्थ लावताना पाच प्रश्न

कमी रोधकतेच्या प्रत्येक पट्ट्याला हे प्रश्न याच क्रमाने विचारा. एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर अहवालात त्याला ‘लिचेट’ म्हणू नका.

१. तो भाग विश्वासार्ह खोलीच्या आत आहे का?

२. पार्श्वभूमीच्या ओळीत त्याच खोलीवर तसाच पट्टा नाही, हे पाहिलं का? असेल तर बहुधा काळी माती किंवा गेरू. गेरूचा थर आडवा, सलग आणि परिसरातल्या विहिरींत सारख्याच उंचीवर सापडतो. विहीर खोदणाऱ्याने सांगितलेली खोली इथे कामाला येते.

३. तो कचऱ्याशी जोडलेला आहे का, आणि अंतरानुसार रोधकता वाढत जाते का? मध्येच सुटा पडलेला वाहक गोळा बहुधा लोखंड, शौचखड्डा किंवा पाणी मुरलेली जागा असते.

४. भूजलाच्या प्रवाहाच्या दिशेशी तो जुळतो का?

५. जवळच्या विहिरीत ईसीबरोबर क्लोराइड आणि अमोनिया दोन्ही वाढलेले आहेत का? ईसी आणि नायट्रेट वाढलं पण अमोनिया नाही, तर खतांचा किंवा सांडपाण्याचाही संशय घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि अमोनियाची ०.५ मिलिग्रॅम आहे.

नकाशावर तीनच प्रकार दाखवा: पाण्याच्या तपासणीने पक्कं झालेलं, संशयित, आणि मोजणी अपुरी असलेलं. लिचेटची हद्द म्हणून एक ठळक रेघ ओढू नका. त्या रेघेबाहेरचा शेतकरी स्वतःला सुरक्षित समजतो.

## ९. पुन्हा मोजणं

एका मोजणीने लिचेट कुठे आहे त्याचा अंदाज येतो, सरकतंय का ते कळत नाही. मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, निदान दोन वर्षं मोजा. सळ्यांच्या जागी काँक्रीटमध्ये खुंट्या रोवून ठेवा. मांडणी, अंतर, वाचनांचा क्रम सगळं तेच ठेवा. सळीची जागा अर्ध्या मीटरने चुकली तरी वरच्या थरात खोटा बदल दिसतो.

जमीन एक अंश तापली की वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते. मे आणि नोव्हेंबरच्या मातीच्या तापमानात १० अंशांचा फरक असेल तर केवळ त्यानेच २० टक्के बदल दिसेल. म्हणून दर वेळी अर्धा, एक आणि दोन मीटर खोलीवर तापमान नोंदवा आणि दुरुस्ती करा. मग दोन छेद शेजारी ठेवून डोळ्यांनी तुलना करण्याऐवजी टक्केवारीतल्या बदलाचा वेगळा छेद काढा. मोजणीतल्या त्रुटीपेक्षा लहान बदल त्यातून वगळा.

पावसाळ्यानंतर रोधकता वाढली म्हणून प्रदूषण घटलं असं लगेच म्हणू नका. पावसाने लिचेट पातळ होतं आणि त्याच पावसाने ते ढकललंही जातं. त्याच दिवशी विहिरींची ईसी आणि पातळी मोजलेली असेल तरच यातलं काय घडलं ते सांगता येतं.

## १०. निरीक्षण-बोअर

बोअर किमान तीन ठिकाणी घ्या: संशयित पट्ट्यात एक, वरच्या बाजूला एक, आणि छेदात स्वच्छ दिसणाऱ्या खालच्या भागात एक. खर्च वाचवायला तिसरी काढून टाकली जाते. पण तुमचा छेद चुकला असेल तर ते दाखवणारी बोअर तीच, म्हणून तिच्यासाठी भांडा.

सर्वांत मोठा इशारा: गेरूचा थर किंवा अखंड पाषाण अनेक ठिकाणी वरचं दूषित पाणी खालच्या चांगल्या पाण्यापासून अडवून धरतो. तो फोडून सरळ खाली गेलात तर तुम्ही स्वतः लिचेटला वाट करून दिली. रोधकतेच्या छेदावरून आणि विहिरींच्या माहितीवरून या थराची खोली आधी ठरवा आणि उथळ बोअर त्याच्या वरच थांबवा. खालचं पाणी तपासायचंच असेल तर वेगळी बोअर घ्या, केसिंग थरात रुतवा आणि भोवतालची पोकळी बेंटोनाइट व सिमेंटने भरून घ्या. बोअरवाला ‘आणखी पन्नास फूट मारू, भरपूर पाणी लागेल’ म्हणेल. इथे पाण्याची मात्रा नको आहे, हे त्याला काम सुरू करण्यापूर्वीच सांगा.

नमुना घेण्यापूर्वी बोअरमधलं साचलेलं पाणी उपसून टाका. अमोनियाच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणा, धातूंसाठी पाणी गाळून नायट्रिक आम्ल घाला, आणि सगळ्या बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. क्लोराइड, अमोनिया, सीओडी (सेंद्रिय भाराचं माप), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि धातूंची तपासणी मागा.

निकाल हातात आल्यावर पाच प्रश्नांकडे परत जा आणि नकाशा दुरुस्त करा. मग पहिल्या दिवशी ज्या विहिरींवर टेप सोडली होती, त्या मालकांना भेटून प्रत्येकाला त्याच्या विहिरीचा आकडा कागदावर मराठीत लिहून द्या: हे पाणी प्यायचं की नाही, गुरांना चालेल का, आणि पुढची तपासणी कधी.